ठकाजी कॉफी टाकतो

सांबरगडाच्या पायथ्याला पायरवाडी नावाचं गाव आहे. त्या गावात शहाणे पुष्कळ होते. इतके, की ग्रामसभेत कुणाचं कुणाला पटायचं नाही. भोळा मात्र सगळ्या गावात मिळून एकच होता. त्याचं नाव ठकाजी.

नाव ठकाजी असलं तरी त्यानं जन्मात कुणाला ठकवलं नव्हतं. ठकवायचं कसं, हेच त्याला सुचलं नसतं. अंगानं दांडगा, खांदे रुंद, भाताचं पोतं पाठीवर टाकून गड चढेल असा. मनानं एकदम सरळ. कुणी काही सांगितलं की तो ते सांगितल्याबरहुकूम करायचा. कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही. एकदा गावातल्या लग्नात त्याला कुणीतरी म्हणालं, "ठकाजी, जरा वऱ्हाडाकडे बघ." ठकाजी मांडवाच्या खांबाला टेकून उभा राहिला आणि जेवणं आटपेपर्यंत वऱ्हाडाकडे बघत राहिला. वऱ्हाडही त्याच्याकडे बघत राहिलं. शेवटी ते उपाशीच गाडीत बसलं.

बरं, शिकवलेलं तो विसरायचा असंही नाही. एकदा शिकवलं की ते डोक्यात पक्कं. फक्त ते कुठं वापरायचं, तेवढं चुकायचं.

त्याचा थोरला भाऊ एसटीचा ड्रायव्हर. तो घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. घर चालवायची हौसावैनी. गडावर जाणारी माणसं तिच्या अंगणात टेकायची, पिठलं-भाकरी खायची आणि मग वर जायची. ठकाजीला तिनं लहानाचा मोठा केला होता. पण दीर तो दीर. कितीही संतापली तरी 'भावजी' आणि 'तुम्ही' हे दोन शब्द ती सोडायची नाही. त्यामुळे तिचं रागावणंसुद्धा आमंत्रणासारखं वाटायचं.

दर हिवाळ्यात पुण्याहून खांबेटे सर आपला गट घेऊन सांबरगडावर मुक्कामाला यायचे. सर म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर. अंगानं काडी, आवाजानं नगारा. डोक्यावर कानांपर्यंत ओढलेली लोकरीची टोपी आणि गळ्यात लाल शिट्टी. गडावर माणसं इकडंतिकडं पांगली की सर शिट्टी वाजवायचे. झाडामागून, बुरुजावरून, कुठून कुठून माणसं निघून सरांभोवती गोळा व्हायची. ठकाजीला हे फार नवलाचं वाटायचं. त्यानं गळा फोडून हाक मारली तरी त्याच्या घरची शेळी मान वर करायची नाही. आणि इथं नुसत्या शिट्टीनं पुण्याची माणसं गोळा.

सरांना दोन गोष्टींचं वेड होतं. एक गडांचं आणि दुसरं कॉफीचं. मागच्या वर्षी वैनीनं त्यांना मोठ्या हौसेनं कॉफी करून दिली. सरांनी पेला रिकामा केला, मिशा पुसल्या आणि म्हणाले, "चहा छान होता."

वैनीला ते फार लागलं.

जाताना सर ठकाजीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "पुढच्या खेपेला मला एक कप चांगली कॉफी पाज. मग आमच्या गटाचा वाटाड्या तू. आणि ही शिट्टी तुझी."

सर गमतीनं बोलले असतील. पण ठकाजीनं ते जसंच्या तसं डोक्यात ठेवलं. वर्षभर तो तोंडानं शिट्टी वाजवायची सवय करत होता. शेळ्या यायच्या नाहीत, पण शेजारचा कुत्रा यायचा.

हिवाळा आला आणि सरांचा फोन आला. आठवड्यानं येतो म्हणाले. वैनीनं या वेळी सरळच विचारलं की डोंगरावर न्यायला कॉफी कशी लागते. सर म्हणाले, थंडीत मिळमिळीत कॉफी काय कामाची, कॉफी कशी कडक पाहिजे. वैनीनं फोन ठेवला आणि ठकाजीला तालुक्याच्या बाजाराला पिटाळलं.

"भावजी, चांगली कॉफी आणा. कडक बघून आणा."

ठकाजी वाण्याच्या दुकानात गेला. वाण्यानं फळीवरच्या बाटल्या काढून दिल्या. ठकाजीनं एकेक उघडली, आत बोट घातलं आणि मान हलवली. ही मऊ. ही पण मऊ. ही तर पिठासारखी. वाण्यानं वैतागून विचारलं की तुला हवी तरी कशी.

"कडक," ठकाजी म्हणाला.

शेवटी सगळ्यात वरच्या फळीवर, गेल्या कित्येक पावसाळ्यांची ओल खाऊन बसलेली एक बाटली सापडली. ठकाजीनं बोट घातलं, बोट आत जाईना. बाटली उलटी केली, काही पडेना. गल्ल्याच्या लाकडावर आपटली, ठण्ण वाजली. ठकाजीचा चेहरा खुलला.

घरी वैनीनं त्या बाटलीत चमचा घातला. चमचा वाकला. मग तिनं वरवंटा आणला. कॉफीचा एक टवका उडून चुलीपाशी पडला. मांजर आलं, त्याला हुंगलं आणि लांबून निघून गेलं.

"भावजी," वैनी म्हणाली, "कडक जिभेला लागायला पाहिजे, हाताला नाही. चांगला माल हाताला मऊ लागतो. आधी बोटांत दाबून बघायचं, मग घ्यायचं."

"बरं वैनी. पुढच्या वेळी तसंच करीन."

आणि पुढच्या वेळी त्यानं तसंच केलं.

पुढच्या वेळी वैनीनं त्याला वरच्या आळीतल्या भागूआजीकडे पाठवलं. पाहुण्यांच्या न्याहारीला अंडी हवी होती. आजीनं टोपली पुढं केली. ठकाजीनं पहिलं अंडं घेतलं आणि बोटांत दाबून बघितलं. मग दुसरं. आजी आत पाणी आणायला गेली होती. ती येईपर्यंत त्याचं सगळं बघून झालं होतं.

घरी आला तेव्हा टोपली रिकामी होती आणि हात कोपरापर्यंत पिवळे.

"वैनी, सगळी बघितली. आतून सगळी मऊ होती. पण बघून झाल्यावर घेण्यासारखं एकही राहिलं नाही."

वैनीनं भागूआजीला काय काय सांगून शांत केलं ते तिचं तिलाच माहीत. मग तिनं ठकाजीला समोर बसवलं. अंडं दाबून बघत नाहीत, पाण्यात टाकून बघतात, असं तिनं समजावलं. बुडलं ते चांगलं, तरंगलं ते वाईट. तरंगणारं घरात आणायचंच नाही.

"बुडलं ते चांगलं," ठकाजी म्हणाला. "बरं वैनी. पुढच्या वेळी तसंच करीन."

पुढच्या वेळी तो परत कॉफी आणायला गेला. वैनीनं या खेपेला बजावलं होतं की बाटलीतली नको, बंद पाकिटातली आणा. ठकाजीनं वाण्याकडे पाकिटं मागितली आणि पाण्यानं भरलेली बादलीही मागितली. वाण्याला वाटलं, हात धुवायचे असतील. त्यानं बादली दिली.

ठकाजीनं एक पाकीट पाण्यात टाकलं. ते टम्म फुगलेलं पाकीट ऐटीत तरंगायला लागलं. वाईट. दुसरं टाकलं, तेही तरंगलं. वाईट. वाणी गल्ला सोडून धावत आला तोवर बादलीत पाकिटांची जत्रा भरली होती. वाणी ओरडत होता आणि ठकाजी त्याचीच समजूत घालत होता की तुम्हाला कुणीतरी सगळा वाईट माल गळ्यात मारलाय.

इतक्यात एका पाकिटानं बुडबुडे सोडले, मान टाकली आणि ते गपकन तळाशी गेलं. ठकाजीनं बाही वर करून ते बाहेर काढलं.

घरी वैनीनं पाकीट फोडलं. आतून चिखल निघाला. तिनं पाकीट उलटंपालटं करून उजेडाला धरलं. एका कोपऱ्यावर उंदराचे दात उमटले होते.

"भावजी, याला भोक आहे."

"पण बुडलं, वैनी."

"भोक आहे म्हणून बुडलं. भोक राहिलं की सगळं वाया जातं. भोक दिसलं की आधी बुजवायचं, मग दुसरं काम."

"बरं वैनी. पुढच्या वेळी तसंच करीन."

आता वैनीनं ठरवलं की कॉफी आपण स्वतः आणायची. तिनं पदर खोचला आणि एसटी धरली. तालुक्याच्या स्टँडसमोर एक उडपी होता. तो इडलीबरोबर कॉफीही विकायचा आणि कॉफीच्या बिया स्वतः भाजायचा. त्यानं वैनीला आधी विचारलं की कॉफी करणार कुठं. वैनी म्हणाली, गडावर, दगडांच्या चुलीवर. मग तो म्हणाला, तिथं बारीक पूड नको, ती खाली बसत नाही आणि दातांत येते. गडावर न्यायला जाडसर दळलेली बरी. उकळत्या पाण्यात घाला, झाका आणि गाळ खाली बसला की वरची ओतून घ्या. दूध वर न्यायची भानगड नको. भाजणं आजचं हवं आणि डबा घट्ट झाकणाचा हवा, म्हणजे ओल लागणार नाही. एवढं बोलून त्यानं बिया तिच्यासमोर दळून दिल्या.

ती कॉफी घेऊन वैनी एसटीत बसली तेव्हा सगळी गाडी दरवळली. कंडक्टरनं तिकीट दाखवा म्हणून तिला दोनदा विचारलं, नुसतं जवळ यायला मिळावं म्हणून.

घरी येऊन तिनं त्यातली मूठभर कॉफी आपल्यासाठी वाटीत काढून फडताळात झाकून ठेवली. बाकीचा डबा गडावरच्यासाठी. येताना एक बारीक गाळणीही तिनं आणली होती, घरातल्या कॉफीसाठी. ती तिनं ठकाजीच्या हातात दिली, "भावजी, नीट ठेवा हं," म्हणाली आणि लाकडं आणायला गेली.

ठकाजी गाळणी ठेवायला निघाला. वाटेत त्यानं ती उजेडाला धरली. वैनीला बाजारात पुरतं फसवलं होतं. एक नाही, दोन नाही, गाळणीत नुसती भोकंच भोकं.

ठकाजीनं कणीक भिजवली. ओट्यावर बसला आणि एकेक भोक बुजवायला लागला. काम बारीक होतं. जीभ बाहेर काढून, डोळे बारीक करून तो दुपारभर बुजवत होता. मग गाळणी उन्हात वाळवली. वैनी लाकडांचा भारा घेऊन आली तेव्हा त्यानं गाळणीत काठोकाठ पाणी भरून तिच्यापुढं धरलं.

"थेंबसुद्धा गळत नाही, वैनी."

वैनी भाऱ्यासकट खाली बसली. कणीक विटेसारखी वाळली होती. सुई घालून बघितली, सुई मोडली.

"भावजी," मग ती म्हणाली, "जिथून काही बाहेर पडायचं असतं, ते भोक मोकळं ठेवायचं असतं."

ठकाजीनं हे दोनदा म्हणून घेतलं. जिथून काही बाहेर पडायचं असतं, ते भोक मोकळं ठेवायचं. "बरं वैनी. पुढच्या वेळी तसंच करीन."

पुढची वेळ दुसऱ्याच दिवशी आली. सर त्याच दिवशी यायचे होते. वैनी अंगणातल्या चुलीवर भाकरी थापत होती. तिनं ठकाजीला बटाटे कुकरला लावायला सांगितले. ठकाजीनं बटाटे घातले, पाणी घातलं, झाकण लावलं. झाकणाच्या मधोमध एक भोक होतं. त्यातून वाफ बाहेर पडत होती. आणि वैनी ज्याला शिट्टी म्हणायची, तो लोखंडी ठोकळा बरोबर त्या भोकावर बसवायचा होता.

ठकाजी हसला. आता तो फसणार नव्हता. त्यानं शिट्टी उचलून लांब कोनाड्यात ठेवली. भोक मोकळं राहिलं. वाफ बाहेर पडत राहिली. वैनी बाहेरून शिट्टीची वाट बघत राहिली. पाणी संपलं, मग धूर बाहेर पडायला लागला, आणि ठकाजीनं त्यालाही मोकळी वाट दिली.

वैनी आत आली तेव्हा बटाट्यांचा कोळसा झाला होता.

या वेळी तिनं एकही पायरी सोडली नाही. कुकर पुढ्यात ठेवला, एकेका गोष्टीवर बोट ठेवलं आणि शाळेतल्यासारखं शिकवलं.

"शिट्टी झाली की लगेच खाली उतरवायचं. थांबायचं नाही, थांबलं की करपतं. आणि खाली उतरवल्यावर झाकण लगेच काढायचं नाही. आधी आतली वाफ जिरू द्यायची. कळलं, भावजी?"

"शिट्टी झाली की लगेच खाली उतरवायचं," ठकाजी म्हणाला. "थांबलं की करपतं. झाकण लगेच काढायचं नाही. बरं वैनी."

एवढ्यात अंगणात नगाऱ्यासारखा आवाज आला. खांबेटे सर आले होते. त्यांनी नाक वर करून दीर्घ श्वास घेतला.

"वा," सर म्हणाले, "घरीच भाजताय वाटतं कॉफी?"

वैनीनं करपलेला कुकर पायानं मागं सरकवला आणि हलक्या आवाजात "हो" म्हणाली.

जेवणं झाली. दुसऱ्या दिवशी परतणाऱ्यांच्या जेवणासाठी वैनीला घरी राहणं भाग होतं. तिनं कॉफीचा डबा ठकाजीच्या पिशवीत ठेवला आणि पिशवीचं तोंड स्वतः बांधलं. मग त्याला बाजूला घेतलं. म्हणाली, वर्षभर ज्याची वाट बघितलीत ते आता तुमच्याच हातात आहे. स्वतःच्या मनानं काही करू नका. सर सांगतील तेवढंच करा, आणि सांगतील तसंच करा.

ठकाजीला हे ऐकून बरं वाटलं. हे तर त्याला येतच होतं.

वाटेनं सर भरात होते. गड कुणी बांधला ते सांगत होते आणि मध्येच कॉफीकडे वळत होते. त्यांच्या मागून प्रभुणेकाकू चालत होत्या. या काकू गटातल्या सगळ्यात जुन्या. त्यांना गडाची माहिती ऐकून ऐकून पाठ झाली होती, त्यामुळे त्या फुलपाखरं बघत होत्या. ठकाजी सगळ्यात पुढं होता, पण मागं बघत बघत चालत होता. त्याचं लक्ष सारखं सरांच्या गळ्यातल्या शिट्टीकडे जात होतं. ती चालताना डावीकडून उजवीकडे हलायची. ठकाजीची मानही तशीच हलायची.

गडावर कातळात खोदलेलं पाण्याचं एक टाकं आहे. पाणी गार आणि नितळ, तळाचे खडे दिसतील असं. सगळा गट त्याच्याजवळच्या सपाटीवर तंबू लावून राहिला. संध्याकाळी शेकोटीशी सरांनी ठकाजीला बोलावलं.

"हे बघ, सकाळी आमच्या आधी ऊठ. टाक्यापाशी जा आणि मस्तपैकी कॉफी टाक. मग झाकून ठेव. गाळ खाली बसला की आम्हाला हाक मार."

"कॉफी टाकू?"

"टाक."

"सगळी?"

"सगळी टाक. हात आखडू नकोस. कडक झाली पाहिजे."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. पायरवाडीत चहा ठेवतात. वैनी रोज म्हणायची, "भावजी, चहा ठेवा." पुण्यात चहा टाकतात आणि कॉफीही टाकतात. हे ठकाजीला कुणी सांगितलं नव्हतं. टाकायच्या वस्तूंबद्दल त्याला एकच गोष्ट शिकवलेली होती. वस्तू पाण्यात टाकायची, आणि बुडली तर ती चांगली.

उजाडायच्या आधी ठकाजी उठला. टाक्यापाशी गेला. डब्याचं झाकण काढलं. असा वास सुटला की शेजारच्या तंबूत कुणीतरी झोपेत हसलं. ठकाजीनं डबा उलटा केला आणि सगळी कॉफी टाक्यात टाकली. हात आखडला नाही. डबा तळाशी दोनदा थोपटला.

कॉफी तरंगली.

म्हणजे हीसुद्धा वाईट. वैनी स्वतः गेली, उडप्यानं समोर दळून दिली, तरी वाईट. गेली शिट्टी. गेलं वाटाड्याचं काम. तो काठावर उकिडवा बसला, हात जोडले आणि पाण्याकडे बघत राहिला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

हळूहळू कॉफी ओली झाली. एक कण खाली गेला. मग आणखी थोडे गेले. मग सगळाच थर डगमगला आणि ढगासारखा खाली खाली उतरत गेला. कॉफी बुडाली. गाळ खाली बसला. ठकाजीला इतका आनंद झाला की त्यानं टाक्याला नमस्कार केला.

आता झाकायचं राहिलं होतं. टाकं मोठं होतं. त्यावर बसेल एवढं झाकण सगळ्या गडावर नव्हतं. ठकाजीनं इकडंतिकडं बघितलं. सगळ्यात मोठा तंबू सरांचा होता. त्यानं एकेक खुंटी हलक्या हातानं उपटली, सरांची झोप मोडू नये म्हणून पाय न वाजवता तंबू उचलला आणि टाक्यावर पसरून कडांना दगड ठेवले. मग तो सरांना हाक मारायला गेला.

सरांनी डोळे उघडले तर वर आकाश होतं. ते थोडा वेळ तसेच पडून राहिले. मग उठले, टोपी सारखी केली, आणि सवयीनं आधी कप शोधला.

"ठकाजी, कॉफी टाकलीस?"

"टाकली, सर."

"मग आण."

"बुडाली, सर."

सरांनी कप खाली केला. "कुठं बुडाली?"

"टाक्यात. आधी तरंगत होती, मला वाटलं वाईट निघाली. पण नंतर सगळी बुडाली. चांगली होती, सर."

सर टाक्यापाशी आले. त्यांनी आपला तंबू ओळखला. त्याचं एक टोक उचलून आत बघितलं. काल तळाचे खडे दिसत होते, आज पाणी तांबूस झालं होतं. एक बेडूक काठावर बसला होता. फारच तरतरीत दिसत होता.

प्रभुणेकाकू मागून आल्या. त्यांनी काही न विचारता कप बुडवला आणि एक घोट घेतला.

"मला तर आवडली," त्या म्हणाल्या. "जरा पातळ आहे, एवढंच."

आता मात्र सर तापले. आधी कान लाल झाले, मग नाक. गडावर पाण्याचं हे एकच टाकं. सगळ्या गटाला तिथल्या तिथं गोळा करावं आणि काय ते एकदाच सांगावं, म्हणून त्यांनी शिट्टी तोंडात धरली आणि जीव खाऊन वाजवली.

शिट्टी झाली.

ठकाजीनं सरांकडे बघितलं. सर लाल झाले होते आणि थंडीत त्यांच्या तोंडातून, नाकातून वाफ निघत होती. आता थांबून चालणार नव्हतं. थांबलं की करपतं. त्यानं सरांना अलगद उचललं, खांद्यावर टाकलं आणि गड उतरायला लागला.

सरांच्या तोंडात शिट्टी तशीच होती. ठकाजी पायरी उतरला की सरांच्या पोटाला हिसका बसायचा आणि शिट्टी वाजायची. शिट्टी वाजली की ठकाजी आणखी घाई करायचा. घाई केली की आणखी हिसके बसायचे. गुराखी गुरं सोडून बघत राहिले. पायरवाडीतल्या बायकांनी सवयीनं आपापल्या चुली बघितल्या.

हौसावैनी अंगण झाडत होती. ठकाजी धापा टाकत आला आणि त्यानं सरांना तिच्या पुढ्यात, जोत्यावर, सावकाश उभं केलं.

"वैनी, शिट्टी झाली. लगेच उतरवले. करपले नाहीत."

सर नुसते फुसफुसत होते. घाम पुसायला त्यांनी टोपीला हात घातला, तोच ठकाजीनं दोन्ही हातांनी टोपी गच्च दाबून धरली.

"झाकण लगेच काढायचं नाही, सर. आधी आतली वाफ जिरू द्या."

वैनीच्या हातातला झाडू गळला. मग ती एकाएकी आत पळाली. फडताळातली मूठभर कॉफी तिनं काढली, आधणात घातली, झाकली, गाळ खाली बसू दिला आणि वरची ओतून कप सरांच्या हातात दिला. तोवर ठकाजीनं टोपी सोडली नव्हती.

सरांनी घोट घेतला. दुसरा घेतला. फुसफुसणं थांबलं. त्यांनी डोळे मिटले. कान पांढरे झाले, मग नाकही. कप रिकामा झाला तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले. वैनीला वाटलं, रडतायत. पण सर हसत होते. हसता हसता त्यांना ठसका लागला. मिशा पुसून ते म्हणाले, "हौसाबाई, कॉफी छान होती."

कॉफी म्हणाले. चहा नाही म्हणाले. वैनीनं पदर डोळ्यांना लावला.

सरांनी गळ्यातली लाल शिट्टी काढली आणि ठकाजीच्या गळ्यात घातली. शब्द दिला होता, म्हणाले. वाटाड्याही तूच. आणि खरं सांगायचं तर इतक्या लवकर मला आजवर कुणी गड उतरवलेलं नाही.

ठकाजीनं शिट्टी हातात धरून बघितली. पदराला पुसली, म्हणजे वैनीच्याच. मग छाती भरून श्वास घेतला आणि वाजवली. काय आवाज होता. डोंगरावर आपटून परत आला.

आणि ठकाजीला एकदम काहीतरी आठवलं. त्यानं मान वर करून गडाकडे बघितलं. वर काठावर, कोवळ्या उन्हात, बाकीचा गट मुंग्यांएवढा दिसत होता. प्रभुणेकाकू हात हलवत होत्या.

"वैनी," ठकाजी म्हणाला, "शिट्टी झाली. आणि एवढी माणसं अजून वरच आहेत."

वैनीनं त्याचा सदरा धरायला हात पुढं केला, पण तोवर तो पहिल्या वळणावर पोचला होता. मग तिनं आणि सरांनी जोत्यावर बसून वाट बघितली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

त्या वर्षी सरांच्या गटानं सांबरगड पाहिला तो असा, एकेकानं, ठकाजीच्या खांद्यावरून, डोकं खाली करून. पण दुपारी जेवायच्या वेळेला सगळे अंगणात ओळीनं बसले होते, टोप्या घालून, वाफ जिरायची वाट बघत. एकही करपला नव्हता.